सी फॉरमॅट मारण्याआधी

गेवराईत काय किंवा बीड जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही तालुक्याच्या गावात काय, संगणक रखडायला लागला की उपाय एकच सांगतात: सी फॉरमॅट मारा, डीला हात लावू नका. कामाचं सगळं डी ड्राइव्हला, सीमध्ये नुसतं विंडोज, अशी पक्की समजूत आहे. टायपिंगचं केंद्र चालवणारे, वकिलांकडे मसुदे करणारे, पेपरला बातम्या पाठवणारे, सगळे याच भरवशावर असतात. पण ही समजूत अर्धीच खरी आहे. ज्या एडिटरमध्ये आपण दिवसभर लिहितो, त्याला आपण जे जे शिकवलेलं असतं, ते सगळं राहतं सीमध्येच.

आमच्या केंद्रात एक ताई काम करतात. ऊसतोडीच्या उचलीचे करारनामे, कोर्टातले अर्ज, हरिनाम सप्ताहाच्या पत्रिका हे रोजचं काम. त्याशिवाय त्यांच्याकडे एक वेगळं काम होतं. संस्थांचे जुने अहवाल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडून होते, ते युनिकोडमध्ये आणायचे. कन्व्हर्टरमधून मजकूर काढला की तो वाचण्याजोगा दिसतो, पण जागोजाग मोडलेला असतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम उलटा. मग ‘विहीर’ची ‘िवहीर’ होते आणि ‘कर्ज’चं ‘कजर्’. एखादी वेलांटी हाताने उचलून पुढे ठेवता येते, शंभर पानांत ते कोण करणार?

ताईंनी त्यासाठी नोटपॅड प्लस प्लसमध्ये शोधा-आणि-बदलाचे मॅक्रो तयार केले होते. वेलांटीचा नियम सोपा: वेलांटी आणि तिच्यापुढचं व्यंजन यांची अदलाबदल. जोडाक्षर आलं की तो नियमही पुढे न्यावा लागतो. रफाराचं मात्र अवघड आहे. ‘मार्गात’ मोडून ‘मागार्त’ होतं, म्हणजे रफाराला नुसतं ‘ग’च्या मागे नाही, काना ओलांडून मागे न्यायचं. ‘दुसऱ्या’सारख्या शब्दात आणखी एक खोड: त्यातला आडवा र दोन तऱ्हांनी साठवता येतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. ताईंनी एकच तऱ्हा ठरवून दुसरी तिच्यात बदलणारा नियम केला होता. अहवालागणिक नवी चूक दिसायची, नवा नियम वाढायचा. कुठल्याही पुस्तकात न मिळणारं ज्ञान तिथे साठत गेलं होतं.

एका उन्हाळ्यात लाईटच्या ये-जा करण्याने विंडोज बिघडलं. दुरुस्तीला नेल्यावर नेहमीचा प्रश्न आला, नेहमीचं उत्तर गेलं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स काढून घेतलं, डी ड्राइव्ह शाबूत राहिला, मशीन संध्याकाळी परत आलं. एकूण एक अहवाल जागेवर होता. मॅक्रो एकही नव्हता. आणि ‘न्यू 1’, ‘न्यू 2’ अशा नावांनी सेव्ह न करता उघडे ठेवलेले टॅबही गेले. त्यात अर्धवट मसुदे होते, पक्षकारांनी सांगितलेले तपशील होते. कुणाचा दोष म्हणावा असं यात काही नाही, कारण ही जागा कुणाला दाखवलेलीच नसते.

ती जागा आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत इंग्रजी अक्षरांत ॲपडेटा लिहून दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह द्या आणि एंटर मारा. जो रोमिंग नावाचा फोल्डर उघडतो, तो एरवी दिसतच नाही, कारण ज्याच्यात तो आहे तो ॲपडेटा फोल्डर विंडोजने लपवून ठेवलेला असतो. त्यात नोटपॅड प्लस प्लसचा फोल्डर सापडेल. आत कॉन्फिग नावाच्या फाइलमध्ये पसंतीच्या सेटिंग्ज, शॉर्टकट्स नावाच्या फाइलमध्ये मॅक्रो आणि कळांच्या जोड्या, सेशन नावाच्या फाइलमध्ये काल कोणत्या फाइली उघड्या होत्या त्याची आठवण, आणि बॅकअप फोल्डरमध्ये ते सेव्ह न केलेले टॅब, नावापुढे तारीख आणि वेळ लावून. मूळ सेटिंगप्रमाणे हे टॅब दर 7 सेकंदांनी तिथे उतरवले जातात, म्हणून लाईट गेली तरी मजकूर परत दिसतो. या सोयीमुळेच माणूस सेव्ह करायचं सोडून देतो. ती सोय लाईट जाण्यापुरती आहे, डिस्क पुसली जाण्यापुढे तिचा काही उपयोग नाही.

लिनक्सवर फोल्डरची नावं वेगळी, गोष्ट तीच. तिथे सेटिंगच्या फाइलींची नावं टिंबाने सुरू होतात आणि अशा फाइली यादीत दिसत नाहीत. युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी 2012 मध्ये याची हकीगत लिहिली आहे. प्रत्येक फोल्डरमध्ये एक टिंब आणि दोन टिंबं अशा दोन नोंदी असतात. त्या यादीत येऊ नयेत म्हणून कुणीतरी फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं. त्यामुळे टिंबाने सुरू होणारं प्रत्येक नाव लपू लागलं, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपापल्या फाइली तिथे दडवायला सुरुवात केली. पाइक याला चूकच म्हणतात, आणि मला त्यांचं पटतं. आपल्या मेहनतीची वस्तू नजरेआड ठेवली की जपण्याच्या यादीतूनही ती गळते.

सगळा फोल्डर उचलून कुठेतरी कॉपी करावा, हा पहिला विचार येतो. त्याने एकदा भागतं. काही महिन्यांनी अशा पाच प्रती होतात आणि चांगली कोणती ते कळत नाही. माझं सांगणं असं की आधी निवड करा. मी लिहिलेलं काय, एडिटरने माझ्यासाठी लक्षात ठेवलेलं काय, आणि तो पुन्हा आपोआप तयार करू शकेल असं काय, हे तीन ढीग वेगळे पाडा. लिनक्सच्या जगात यासाठी रीतसर नियमच आहे. सेटिंग, डेटा आणि कॅशे यांना त्यात आधीपासून वेगवेगळी घरं होती, आणि 2021 मध्ये चालू स्थितीसाठीही वेगळं घर दिलं गेलं. निओव्हिम हा एडिटर तो नियम पाळतो. ईमॅक्सही आवृत्ती 27 पासून तिथल्या सेटिंगच्या घरात राहू शकतो.

व्हिम वापरणाऱ्यांना ही निवड एका जोडीत दिसेल. स्पेलिंग तपासताना आपण गावांची, आडनावांची, शेतीच्या शब्दांची भर घालतो. ‘तलवाडा’, ‘राक्षसभुवन’, ‘मुकादम’ असे शब्द एका साध्या यादीत जातात आणि व्हिम त्या यादीवरून स्वतःसाठी दुसरी, यंत्राला सोयीची फाइल तयार करतो. यादी प्राणासारखी जपा, दुसरी उडाली तरी बिघडत नाही. ईमॅक्समध्ये उलटा घोळ होतो: मेनूतून केलेले बदल तो तुमच्या हाताने लिहिलेल्या फाइलीतच घुसडतो. त्याला त्यासाठी वेगळी फाइल नेमून देता येते. ते पहिल्याच दिवशी करून टाका, नाहीतर वर्षभराने कोणती ओळ कुणाची ते ओळखू येत नाही.

निवड झाली की पहिला ढीग सीमधून बाहेर काढायचा. नोटपॅड प्लस प्लसच्या प्रेफरन्सेसमध्ये क्लाउडसाठी फोल्डर नेमायची सोय आहे. नाव क्लाउडचं असलं तरी डी ड्राइव्हवरचा साधा फोल्डरही चालतो. एडिटर बंद करून पुन्हा उघडला की सेटिंग्ज आणि मॅक्रो तिथून वाचले जातात. नवा मॅक्रो केला की त्याच वेळी एडिटर एकदा बंद करून उघडा, कारण मॅक्रोची फाइल लिहिली जाते एडिटर बंद होताना, आणि आपल्याकडे लाईट काही एडिटर बंद होण्याची वाट पाहत नाही.

ताईंनी नव्याने नियम बांधले तेव्हा मॅक्रोसोबत एक साधी टेक्स्ट फाइलही ठेवली. प्रत्येक नियमावर तारीख, कोणत्या अहवालात कोणती चूक दिसली, आणि काय बदललं. मॅक्रोची फाइल माणसाला वाचायला किचकट असते, उद्या एडिटर बदलला तर ती निरुपयोगी ठरेल. ही टेक्स्ट फाइल कुठल्याही एडिटरमध्ये कामाला येईल. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेत मोलाची तीच आहे. ती युटीएफ-8 मध्येच सेव्ह करा. एएनएसआयमध्ये सेव्ह झाली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात आणि ती परत फिरत नाहीत. घरात कुणी गिट वापरणारं पोर असेल तर त्याच्याकडून या फोल्डरला गिट लावून घ्या, म्हणजे कोणता बदल कधी केला ते मागे जाऊन पाहता येतं.

मसुद्यांचं वेगळं. टॅब उघडला की दोन ओळी लिहायच्या आत नाव देऊन डीमध्ये सेव्ह करायचं. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग काम, म्हणजे यादी आपोआप तारीखवार लागते. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ असली नावं आमच्याकडे आता बंद आहेत.

दुसऱ्या ढिगाबद्दल दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. मशीन हळू झालं म्हणून सफाईचा प्रोग्राम चालवाल, तेव्हा एडिटरचा बॅकअप फोल्डर आणि व्हिमच्या स्वॅप फाइली त्याच्या तावडीत देऊ नका. लाईट गेल्यावर शेवटचा परिच्छेद तिथूनच परत येतो. आणि हा ढीग कुणाच्या हाती पेनड्राइव्हवर देऊ नका, इंटरनेटवरच्या उघड्या जागी तर मुळीच ठेवू नका. त्यात पक्षकारांच्या नावाच्या फाइलींची यादी असते, प्रतिज्ञापत्रातले आधार क्रमांक असू शकतात. लोकांनी ते विश्वासाने आपल्यापुढे ठेवलेले असतात.

प्रत घेतली म्हणून निर्धास्त होऊ नका, ती लावून पाहा. दुसऱ्या एखाद्या मशीनवर एडिटर नव्याने टाका, जपलेला फोल्डर त्याला दाखवा, आणि एक मोडकं पान उघडा. मॅक्रो चालवल्यावर ‘कजर्’चं ‘कर्ज’ झालं आणि ‘मागार्त’चं ‘मार्गात’ झालं, तर दुरुस्तीवाल्याला सी फॉरमॅट मारायला बेलाशक सांगा.