देशी कालव, अर्धा शिंपला आणि खाडीचे पाणी

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंड ही समुद्राची एक लांब शाखा जमिनीत खोलवर शिरली आहे. तिच्या दक्षिण टोकाशी ऑलिंपिया हे राज्याच्या राजधानीचे शहर वसले आहे. या शहराचे नाव धारण करणारे ‘ऑलिंपिया’ कालव हे राज्यातील एकमेव मूळचे, म्हणजेच देशी कालव होय. शास्त्रीय परिभाषेत त्यास ‘ऑस्ट्रिया लुरिडा’ असे म्हणतात. आकाराने ते चांदीच्या जुन्या रुपयाहून थोडेच मोठे, सामान्यतः साडेतीन ते पाच सेंटिमीटरांचे असते. एवढ्या वाढीसही त्याला तीन ते चार वर्षे लागतात. २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या विधिमंडळाने या कालवास राज्याचे अधिकृत कालव म्हणून मान्यता दिली. ही सूचना मुळात एका शाळकरी विद्यार्थिनीने मांडली होती, हे शिक्षकवर्गास विशेष वाटेल.

हे कालव शिजविण्याऐवजी अर्ध्या शिंपल्यात, कच्चेच खाण्याची आवड त्या प्रदेशात मोठी आहे. खाद्यपदार्थाची ही आवड वरवर पाहता चैनीची वाटते. परंतु तिच्यामागे पाण्याची शुद्धता, कायद्याची अंमलबजावणी आणि एका नष्टप्राय जातीचे पुनरुज्जीवन यांचा जो इतिहास आहे, तो किनारपट्टीच्या कोणत्याही प्रदेशाने अभ्यासावा असा आहे.

शिंपला उघडण्याची रीत

कालवाचा डावा शिंपला वाटीसारखा खोलगट, तर उजवा चपटा असतो. उघडताना खोलगट बाजू खाली ठेवतात, म्हणजे आतील खारट रस सांडत नाही. कालव अखेरपर्यंत जिवंत असावे लागते. शिंपला घट्ट मिटलेला असणे, किंवा किंचित उघडा असल्यास बोटाने टिचकी मारताच मिटणे, ही जिवंतपणाची खूण होय. जे मिटत नाही ते टाकून देतात. ऑलिंपियाचा शिंपला पातळ व ठिसूळ असल्याने मोठ्या कालवांसाठी वापरतात तसा जाड सुरा येथे उपयोगी पडत नाही. लहान, आखूड पात्याचा सुरा शिंपल्यांच्या सांध्यात अलगद रोवून किंचित फिरवितात. मग वरच्या शिंपल्याला धरून ठेवणारा स्नायू कापून झाकण दूर करतात आणि खालचा स्नायू सोडवून कालव त्याच्याच रसात मोकळे करतात. ते नळाच्या पाण्याने धूत नाहीत, कारण पाण्याबरोबर चवही जाते.

बर्फाच्या चुऱ्यावर मांडलेले असे कालव शिंपल्यासह ओठांशी नेऊन प्रथम रस घ्यावा आणि नंतर मांस दोन-तीन वेळा चावून खावे, अशी जाणकारांची पद्धत आहे. न चावता गिळणाऱ्यास केवळ खारटपणा कळतो. चावल्यानंतर आधी समुद्राचा खारेपणा, मग किंचित गोडी आणि शेवटी तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याची आठवण करून देणारी धातूसारखी चव जिभेवर रेंगाळते. लिंबाचा एखादा थेंब चालतो. झणझणीत चटणीने मात्र ही नाजूक चव झाकून जाते. घास इतका लहान असतो की मोठी, मांसल कालवे खाणारास प्रथम आश्चर्य वाटते. तथापि आकाराच्या मानाने चवीचा ठळकपणा हेच या देशी कालवाचे वैशिष्ट्य मानले जाते.

उन्हाळ्यात कालवे खाऊ नयेत, असा जुना संकेत आहे. ऑलिंपियाच्या बाबतीत त्यास एक जीवशास्त्रीय आधारही आहे. या जातीची मादी अंडी पाण्यात सोडून देत नाही. डिंभ सुमारे दहा-बारा दिवस तिच्या शिंपल्यातच वाढतात. अशा वेळी कालव खाल्ल्यास दातांखाली कचकच लागते. याच जातीतील प्राणी प्रथम नर असून पुढे मादी होतो, हीही एक नवलाची गोष्ट आहे.

कच्च्या कालवाची जोखीम

कालव पाणी आत घेऊन त्यातील सूक्ष्म अन्नकण गाळून घेते. त्या पाण्यात मैला असेल तर रोगजंतूही त्याच्या शरीरात साठतात. शिजविलेल्या अन्नाला अग्नीचे संरक्षण असते. कच्च्या कालवास ते नाही. १९२४ च्या अखेरीस न्यू यॉर्क, शिकागो आदी शहरांत विषमज्वराची साथ पसरली. सुमारे दीड हजार लोक आजारी पडले व दीडशेजण मरण पावले. दूषित पाण्यातील कालवे हे तिचे मूळ असल्याचे आढळले. त्यानंतर १९२५ मध्ये शिंपलावर्गीय जलचरांच्या स्वच्छतेची राष्ट्रीय व्यवस्था आखण्यात आली.

या व्यवस्थेनुसार पाण्याचे नमुने नियमितपणे तपासून किनाऱ्याचे वर्गीकरण केले जाते. मंजूर क्षेत्रातील कालवे थेट विक्रीस जातात, प्रतिबंधित क्षेत्रातून ती काढता येत नाहीत. काही ठिकाणी मोठा पाऊस पडताच काढणी तात्पुरती थांबविली जाते, कारण पावसाबरोबर जमिनीवरील घाण खाडीत येते. प्रत्येक पोत्यास काढणीचे ठिकाण व तारीख दर्शविणारी चिठ्ठी बांधलेली असते आणि उपाहारगृहास ती ९० दिवस जपून ठेवावी लागते. एखादा ग्राहक आजारी पडल्यास कालव कोणत्या खाडीतून आले, हे त्यामुळे शोधता येते.

एवढे करूनही धोका पूर्णपणे नाहीसा होत नाही. उबदार पाण्यात वाढणारे काही जंतू मैल्याशी संबंध नसतानाही कालवात आढळतात. म्हणून यकृताचे रुग्ण, गर्भवती स्त्रिया, वृद्ध व अशक्त व्यक्तींनी कच्चे कालव टाळावे, असा वैद्यकीय सल्ला आहे. काही सूक्ष्म शैवालांचे विष तर शिजवूनही जात नाही. त्यावर पाण्याची व कालवांची तपासणी हाच उपाय ठरतो.

वैभव आणि ऱ्हास

त्या किनाऱ्यावरील मूळ रहिवासी हजारो वर्षांपासून ही कालवे खात आले. १८५४ च्या मेडिसिन क्रीक तहाने त्यांच्या जमिनी गेल्या. मात्र मासेमारीचा व कालवे गोळा करण्याचा त्यांचा हक्क तहात नमूद झाला. १९९४ मध्ये केंद्रीय न्यायालयाने या व अशाच तहांचा अर्थ लावून शिंपलावर्गीय उत्पन्नाच्या निम्म्या वाट्यावर त्यांचा हक्क मान्य केला.

१८४८ च्या सुवर्णशोधामुळे सॅन फ्रान्सिस्को शहर वाढले आणि तेथील मागणीसाठी १८५० च्या दशकापासून उत्तरेकडील खाड्यांतून जहाजे भरभरून कालवे नेण्यात आली. मांसाबरोबर शिंपलेही गेले, आणि खरा घात तेथेच झाला. पोहणाऱ्या डिंभास स्थिरावण्यासाठी कठीण व स्वच्छ पृष्ठभाग हवा असतो. जुने शिंपले हीच त्याची पाळणाघरे होत. ती नाहीशी झाल्यावर उरला तो गाळ.

१८९५ च्या कायद्याने भरती-ओहोटीची जमीन खासगी व्यक्तींना कालवशेतीसाठी विकत घेण्याची सोय झाली. शेतकऱ्यांनी तेथे ठेंगणे बांध घातले. कोकणातील खारबंधारा समुद्राचे पाणी बाहेर ठेवतो. हे बांध ओहोटीच्या वेळी थोडे पाणी आत धरून ठेवीत, त्यामुळे कालवांचे थंडीपासून व उन्हापासून रक्षण होई. परंतु १९२७ मध्ये शेल्टन गावी कागदाच्या लगद्याची गिरणी सुरू झाली. तिचे रासायनिक सांडपाणी खाडीत जाऊ लागले आणि कालवांची पैदास खुंटली. गिरणी १९५७ मध्ये बंद झाली. तोवर तीस वर्षे लोटली होती. दरम्यान जपानहून आणलेल्या, भराभर वाढणाऱ्या मोठ्या कालवांनी बाजारपेठ व्यापली. त्यांच्याबरोबर कालवांना भोक पाडून खाणारी गोगलगायही आली. प्युजेट साउंडमधील देशी कालवांच्या मूळ क्षेत्रापैकी पाच टक्क्यांहूनही कमी क्षेत्र उरले, असा अंदाज आहे.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न

राज्याने २०१२ मध्ये पुनरुज्जीवनासाठी १९ ठिकाणे निश्चित केली. त्या-त्या खाडीतीलच कालवांपासून बीज तयार करणे, गाळावर जुन्या शिंपल्यांचा थर पसरणे आणि निसर्गास वेळ देणे, असे कामाचे स्वरूप आहे. शासन, मूळ रहिवाशांच्या संस्था, स्वयंसेवक व कालवशेतकरी यांच्या सहकार्याने २०२० पर्यंत १०० एकर क्षेत्र पुन्हा कालवांच्या योग्य करण्याचे उद्दिष्ट गाठण्यात आले.

हौसेने कालवे वेचणाऱ्यांसाठीचे दोन नियम साधे असले तरी मोलाचे आहेत. अडीच इंचांहून लहान कालव घेता येत नाही. त्यामुळे लहान चणीच्या देशी कालवास आपोआप संरक्षण मिळते. तसेच कालव किनाऱ्यावरच उघडून शिंपला तेथेच टाकून यावा लागतो. शतकापूर्वीच्या चुकीची ही भरपाईच म्हणावी लागेल. ताटात येणारी ऑलिंपिया कालवे आता मुख्यतः शेतीतून येतात.

कोकणाच्या दृष्टीने

कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांवरील कालवे फोडणाऱ्या स्त्रिया हे परिचित दृश्य आहे. तेथील जाती वेगळ्या आहेत आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजविलेले कालव ही तेथील रीत आहे. तपासणी न झालेल्या खाडीच्या बाबतीत हीच रीत अधिक शहाणपणाची होय. कच्च्या कालवाचे अनुकरण तेथे करू नये. मात्र खाडीत गावाचे सांडपाणी कोठून येते, पहिल्या पावसात पाण्याचा रंग का बदलतो, फोडलेले शिंपले कोठे जातात, हे प्रश्न ग्रामपंचायतीच्या सभेत विचारण्यासारखे आहेत. शाळेतील विद्यार्थ्यांना ओहोटीच्या वेळी खडकावर नेऊन शिंपल्यावर बसलेले कालवाचे पिल्लू दाखविणे, हा त्याचा सोपा आरंभ होऊ शकेल.