बालकाच्या वहीचे एक पान

प्राथमिक शाळेतील मुलाच्या वहीकडे आपण घरची माणसे कशासाठी पाहतो, असा प्रश्न विचारला तर बहुतेकांचे उत्तर एकच येईल : गुण किती पडले व चुका किती झाल्या, हे पाहण्यासाठी. हे पाहणे अयोग्य नव्हे. परंतु ते अपुरे आहे. आठ वर्षांच्या मुलाने लिहिलेल्या चार ओळी आणि त्याखाली काढलेले चित्र यांत त्याचे निरीक्षण, त्याची भाषा व त्याचा विचार ही तिन्ही एकत्र नांदत असतात. ती वाचावयाची कशी, आणि त्यांतून पुढच्या अभ्यासाचे उद्दिष्ट ठरवावयाचे कसे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. आपल्यापैकी अनेकांची धाकटी भावंडे प्राथमिक शाळेत जातात; त्यांना मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांना हा धडा विशेष उपयोगी पडावा.

उदाहरणासाठी आपण पेडणे तालुक्याच्या पूर्व अंगास असलेले इब्रामपूर हे गाव डोळ्यांसमोर आणू. दोडामार्गाच्या सीमेलगतचा हा मुलूख डोंगर, काजूच्या बागा व भातशेती यांचा. सह्याद्रीत उगम पावणारी तिळारी नदी गोव्यात उतरते आणि पुढे शापोरा या नावाने समुद्रास मिळते. अशा गावातील मुलाच्या कानांवर घरात एक बोली पडते व शाळेत ग्रंथांची मराठी. १९६१ पूर्वी, पोर्तुगीज अमदानीत, गोव्यातील मराठी शाळा बहुतांशी लोकांनी स्वतःच्या कष्टाने व वर्गणीने चालविल्या. मुक्तीनंतर, विशेषतः १९६३ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या दयानंद बांदोडकर यांच्या कारकीर्दीत, खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या आणि शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती पाटी आली. पुढे पटसंख्या घटल्यामुळे त्यांतील अनेक शाळा बंदही पडल्या. म्हणूनच ज्या शाळा चालू आहेत, त्यांतील प्रत्येक वहीचे मोल आम्हांस अधिक वाटते.

आता समजा, तिसरीतील एका मुलाने ‘पाऊस’ या विषयावर पुढील चार वाक्ये लिहिली :

‘काल खूप पावस पडला. व्हाळाचे पाणि शेतात आले. बाबानी बांद फोडला. मग पाणि नदित गेले.’

घाईने तपासणारा मनुष्य येथे तांबड्या शाईच्या सात खुणा करील आणि पंधरा शब्दांत सात चुका म्हणून वही बाजूस टाकील. आपण मात्र या सात खुणांची वर्गवारी करू.

पहिला वर्ग घरच्या शब्दांचा. ‘पावस’ व ‘व्हाळ’ या चुका नव्हेत; ते बोलीतील शब्द आहेत. ‘पावस’ म्हणजे पाऊस आणि ‘व्हाळ’ म्हणजे ओहोळ. मुलाला शब्द ठाऊक आहे, वस्तूही ठाऊक आहे. केवळ पुस्तकातील रूप ठाऊक व्हावयाचे आहे. अशा वेळी शब्दावर काट न मारता शेजारी दुसरा शब्द लिहावा व सांगावे, की घरी आपण असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात. दोन शब्द जाणणारे मूल एक शब्द जाणणाऱ्या मुलापेक्षा श्रीमंत असते. ‘व्हाळ’ म्हटल्याबद्दल ज्याला हसतात, ते मूल पुढच्या वेळी ओहोळाविषयी लिहिण्याचेच टाळते. आणि मग त्याच्या वहीत ‘पाऊस आपणांस जीवन देतो’ अशी पाठ केलेली, निर्दोष परंतु निर्जीव वाक्ये दिसू लागतात. ही हानी शुद्धलेखनाच्या चुकीहून मोठी आहे.

दुसरा वर्ग ऱ्हस्वदीर्घाचा. ‘पाणि’ दोनदा व ‘नदित’ एकदा, अशा या तीन खुणा. पण चूक एकच. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे चौदा नियम सिद्ध केले व १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्यांतील एक महत्त्वाचा नियम असा, की मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार वा उकार दीर्घ लिहावा : पाणी, नदी, वाळू, काजू. ‘नदी’ला ‘त’ हा प्रत्यय लागला तरी ती दीर्घच राहते. तीन तांबड्या खुणांऐवजी हा एक नियम मुलाला दिला, तर त्याचे ओझे कमी होते व लाभ वाढतो.

तिसरा वर्ग कानाचा. ‘बांद’ असे मूल लिहिते, कारण शब्दाच्या अखेरीचा ‘ध’ बोलताना मंद होतो. त्याला ‘बांधावर चाल’ असे म्हणावयास सांगा. ‘ध’ त्याच्याच तोंडून स्पष्ट बाहेर येईल. ‘बाबानी’ या शब्दावर अनुस्वार हवा, कारण वडिलांचा उल्लेख आपण आदरार्थी अनेकवचनाने करतो : ‘बाबांनी’. येथे व्याकरणाचा नियम व घरची रीत एकमेकांस मिळतात, हे मुलास सांगितले तर तो नियम त्याच्या सहज लक्षात राहील.

येथवर आपण भाषा पाहिली. आता आशय पाहू. पाऊस पडला, त्यामुळे पाणी आले, म्हणून बांध फोडला, परिणामी पाणी ओसरले. कारण, परिणाम, उपाय व फळ अशी ही साखळी आहे, आणि तिच्यातील एकही कडी जागा सोडून गेलेली नाही. हे गुण तांबड्या शाईस दिसत नाहीत. ज्याने ते पाहिले, तो मुलास विचारील : बांध कशाने फोडला? तू कोठे उभा होतास? रोपे वाचली का? या प्रश्नांच्या उत्तरांतून चार वाक्यांची आठ वाक्ये होतात, आणि तीही मुलाची स्वतःची.

आता त्याच पानाखालील चित्राकडे वळू. समजा, मुलाने नदी काढली आहे व पाण्यातील मासे बाहेरून स्वच्छ दिसत आहेत. वडील घराहून उंच आहेत. आणि झाडे, घर व माणसे एकाच आडव्या रेषेवर उभी आहेत. ‘असे कोठे असते का?’ असे म्हणून अनेक वडीलधारी माणसे हे चित्र सुधारावयास बसतात. वस्तुतः येथे सुधारण्यासारखे काही नाही. झॉर्झ-आँरी ल्यूके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ च्या आपल्या ग्रंथात दाखविले, की लहान मूल डोळ्यांना दिसते ते काढीत नाही, त्यास जे ठाऊक असते ते काढते. पावसाच्या आरंभी चढणीचे मासे वर येतात हे या मुलास ठाऊक आहे. म्हणून ते चित्रात दिसलेच पाहिजेत. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या ग्रंथात मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. दोन ते चार वर्षे रेघोट्यांची. चार ते सात ओळखू येतील अशा आकृतींच्या आरंभाची. आणि सात ते नऊ ठरावीक आकृतींची व जमिनीच्या आधाररेषेची. या वयात जे मुलास महत्त्वाचे वाटते ते तो मोठे काढतो. बांध फोडून शेत वाचविणारे वडील घराहून उंच का, याचे उत्तर मोजपट्टीत नसून मुलाच्या मनात आहे.

मुलांच्या चित्रांना मुलांची चित्रे म्हणूनच मान द्यावा, हा विचार व्हिएन्ना येथील फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये बालकांसाठी चित्रवर्ग सुरू करून प्रत्यक्षात आणला. आपल्याकडेही या वाटेने थोर माणसे गेली आहेत. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या सहकार्याने भावनगर येथे बालशिक्षणाचे काम केले आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने ते खेड्यांत व आदिवासी पाड्यांत नेले. महागडी साधने बाजूस ठेवून माती, पाने, बिया व शंखशिंपले यांनी त्यांनी मुलांचे हात शिकते केले. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत. फ्रान्समधील बार-सुर-लू या खेड्यात सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२४ च्या सुमारास वर्गात एक लहानसे मुद्रणयंत्र आणले. मुले स्वतःचे लेख स्वतः जुळवून छापीत व दुसऱ्या शाळेतील मुलांना धाडीत. खरा वाचक मिळाला म्हणजे लेखक आपोआप काळजी घेऊ लागतो, हे या प्रयोगांचे सार होय.

इब्रामपूरसारख्या गावात चित्राला सामग्रीची वाण नाही. चवथीला गणपतीवर बांधलेल्या माटोळीत रानातील किती फळे, फुले व पाने असतात! ती एकेक पाहून काढावी, खाली नाव लिहावे व ते कोठे सापडले ते एका वाक्यात सांगावे; चित्रकला, भाषा व निसर्गाभ्यास यांचा एकच पाठ होतो. गोवा व सिंधुदुर्ग येथील कित्येक जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यात तांबड्या मातीच्या रंगाने साकारलेली काव कला आढळते. दोनच रंगांत केवढे काम होते, हे मुलांनी तेथे पाहावे.

आता उरली उद्दिष्टे. वर्षारंभी मुलांकडून ‘मी खूप अभ्यास करीन’, ‘मी सुंदर अक्षर काढीन’ असे संकल्प लिहवून घेतले जातात. ते चांगले आहेत, परंतु ते पुरे झाले की नाही हे कळण्यास मार्ग नाही. शासनाच्या योजनांतील उद्दिष्टे मोजता येण्याजोगी असतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटास किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे सांगितले आहे. परंतु मुलाचे खरे उद्दिष्ट त्याच्या स्वतःच्या पानातून निघाले पाहिजे. वरील पानातून अशी तीन उद्दिष्टे निघतात. भाषेचे : पुढील पंधरवड्यात शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहीन. आशयाचे : प्रत्येक लेखात पाहिलेली एक गोष्ट अधिक सांगीन. चित्राचे : एक झाड जवळ जाऊन पाहीन व त्याच्या फांद्या कोठून फुटतात ते काढीन. तीनच, चौथे नको. ही तीन साधली म्हणजे मगच पुढची.

घरच्या मंडळींना आमची विनंती एवढीच, की वही पाहताना प्रथम मुलाने काय सांगितले ते मोठ्याने वाचावे, मग त्याचे चित्र त्यालाच समजावून सांगू द्यावे, आणि चुकांकडे सर्वांत शेवटी वळावे. वर्षाचे पहिले पान व शेवटचे पान जपून ठेवावे. मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी न करता या दोन पानांत करावी. आणि विद्यार्थिमित्रहो, धाकट्या भावंडाची वही तुमच्या हाती येईल तेव्हा लेखणी उघडण्यापूर्वी त्याला एक प्रश्न अवश्य विचारा : पुढे काय झाले?