गेटसमोरचा फोटो

विष्णुपुरी, नांदेड

चि. बापूस,


काल ताईचा फोन आला. तुझी छोटी चार दिवसांपासून धड जेवत नाही, विचारलं की "काही नाही" म्हणते. तुझं स्टेटस मामीनं आधीच दाखवलं होतं. मेडिकल कॉलेजच्या गेटसमोर लेकराला उभं केलंस आणि खाली लिहिलंस, 'भावी डॉक्टर'. विष्णुपुरीत येऊन मामाच्या दारावरून परस्पर गेलास, त्याचं वाईट वाटलं, पण ते जाऊ दे. फोटोत पोरीनं ओढणीचं टोक कसं मुठीत धरलंय ते बघ. मी चारदा बघितलं.

कोकणात नेतो म्हणून तिला कबूल केलं होतंस आणि दिवाळीच्या सुट्टीत लातूरच्या ट्यूशन एरियातले क्लास, होस्टेल, मेस दाखवून आणलंस, असंही कानावर आलंय. खोटं असेल तर कळव, मला बरंच वाटेल. सातवीतलं लेकरू आहे बाबा ते!

मी डॉक्टरकीच्या विरुद्ध नाही. हे कॉलेज 1988 साली निघालं. त्याआधी तुझ्या आजीला जीपमध्ये आडवं घालून अंबाजोगाईला न्यावं लागलं होतं, ती रात्र आपल्या घरात कोण विसरलंय? लेकरांना फिरवावं, जगात कोणकोणती कामं असतात ते दाखवावं, हा तुझा विचारही चांगला. पण गेट दाखवून काय दिसतं? आतला माणूस दिवसभर काय करतो, त्याचे हात कशात असतात, ते दिसायला पाहिजे.

मागच्या पावसाळ्यात छोटी इथं होती. इथल्या धरणाचे 18 पैकी काही दरवाजे उघडले होते. बाकीची लेकरं फेसाळ पाण्याकडं बघून ओरडत होती. हिनं विचारलं, "आजोबा, दरवाजा किती उचलायचा ते कोण ठरवतं?" मी सांगितलं, वरच्या धरणांतून किती पाणी सुटलंय याचे निरोप येतात, गोदावरीचं पाणी इथवर यायला किती वेळ लागेल याचा हिशेब करतात आणि मग हुकूम निघतो. लगेच दुसरा प्रश्न : नदी खाली, शेतं वर, मग पाणी वर चढतं कसं? माझी सारी नोकरी पंपगृहात गेली, पण हे मला घरातल्या कुणी कधी विचारलं नव्हतं. आधी पंपानं उचलायचं, उंचावरच्या कालव्यात सोडायचं, मग उतारानं शेतात. पाऊण तास बसलो. तिनं वहीत आकृती काढली. ती वही तू बघितलीस का?

दर श्रावणात तुम्ही औंढ्याला नागनाथाला जाता. तिथंच दुधाळ्याच्या शिवारात लिगोची वेधशाळा व्हायची आहे. 2023 साली केंद्रानं त्यासाठी 2600 कोटी मंजूर केले. 4-4 किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, आत लेसरचा झोत, आणि दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्याची लहर पकडायची. तिथं शास्त्रज्ञ लागतील, तसे जमीन मोजणारे, निर्वात नळ्या जोडणारे, वेल्डिंग करणारेही लागतील. दर्शन झाल्यावर तासभर त्या रस्त्याला गाडी वळवली तर काय बिघडतं? तसंच लोणारचं. ते तळं 2020 साली गुलाबी झालं, ते खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळं, हे पुण्याच्या आघारकर संस्थेत पाणी तपासून कळलं. पाणी तपासणं हेही कुणाचं तरी पोटापाण्याचं काम असतं, हे लेकराला तळ्याच्या काठावर उभं राहून कळू दे.

मला ते कळलं नव्हतं. शाळेच्या सहलीत वेरूळला कैलास लेण्यापाशी मी हरवलो होतो. भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणांवर बोटं फिरवत बसलो होतो. वरून खाली मंदिर कोरत आणलं, तर सुरुवात कुठून केली असेल, एवढंच डोक्यात. गुरुजींनी कान धरून गाडीत बसवलं. असल्या गोष्टी शोधणं हे आयुष्यभराचं काम असू शकतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. मला तीनच नोकऱ्या माहीत होत्या : मास्तर, तलाठी, डॉक्टर. अजूनही दगडी देऊळ दिसलं की बोटं तिथं जातात.

त्या फोटोनं मला झोप का येत नाही ते सांगतो. दाजींच्या सांगण्यावरून तुला ट्रंकेसह लातूरला सोडायला मीच गेलो होतो. अहमदपूरच्या स्टँडवर एसटी थांबली, तेव्हा तू म्हणालास, "मामा, मला नाही जायचं." मी खाली उतरलो, डझनभर केळी घेतली, तुझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणालो, "खा." दुसरं काही बोललो नाही. पुढं दोन वर्षं लातूरच्या त्या खोलीत तुझं काय झालं, ते तुला ठाऊक आणि मला थोडंफार. तू शहाण्यासारखा मार्गाला लागलास, बँकेत नाव काढलंस, म्हणून मी सुटलो. पण छोटीच्या त्या मुठीत मला तुझाच हात दिसला रे.

चिडून लिहायला बसलो होतो. तू वाईट बाप नाहीस. तिच्या तापात तीन रात्री जागताना तुला मी बघितलंय. जे तुला मिळालं नाही ते तिला मिळावं, एवढंच तुझ्या मनात असणार. ते स्टेटस काढून टाकलं असलंस तर बरं, नसलंस तरी त्यावरून आता भांडणार नाही.

पौषात हुरड्याला या. ताईलाही आण. छोटीला धरणावर नेतो, मग काळेश्वराच्या घाटावर बसू. तिथं तू तिच्याशी काही बोलू नकोस, ती बोलेल. मागच्या खेपेला तिनं नदीतून आणलेले गोटे मामीनं तुळशीपाशी ठेवलेत, एकही हलवू देत नाही. रात्री कितीही उशीर झाला तरी फोन न करता ये. दाराला आतून कडी लावणार नाही.

तुझा,
मामा