आधी ओम, मग वॅट

गाडीत सबवूफर बसवायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो वॅटचा. दुकानदारालाही तो आवडतो, कारण उत्तर खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. माझ्या वॅगनआरसाठी घेतलेल्या बारा इंची सबच्या खोक्यावर १४०० होते आणि चार चॅनलच्या अ‍ॅम्पच्या खोक्यावर १२००. ‘एकदम जमतंय साहेब,’ म्हणत दुकानाने संध्याकाळपर्यंत फिटिंग करून दिलं. पुढच्याच रविवारी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे बास एकाएकी गायब. डिकी उघडली तर अ‍ॅम्पवर ‘प्रोटेक्ट’चा लाल दिवा, आणि वरचं अ‍ॅल्युमिनियम इतकं तापलेलं की हात टेकवेना. जरा थांबलं की बास परत यायचा, थोड्याच वेळात पुन्हा जायचा.

दुकानात सांगण्यात आलं, नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो. हे वाक्य ऐकलं की सावध व्हावं. अ‍ॅम्प काही नवी चप्पल नव्हे, वापरून सैल व्हायला. मग त्यांनी अ‍ॅम्प बदलून दिला, त्याच मॉडेलचा. तोही तसाच तापला. तेव्हा मात्र मी दोन्ही खोक्यांतली माहितीपत्रकं काढून बसलो.

खरी गोम होती ओममध्ये. माझा सब दुहेरी कॉइलचा, म्हणजे एकाच कोनवर ४ ओमच्या दोन स्वतंत्र कॉइल. त्या समांतर जोडल्या की भार होतो २ ओम, एकामागे एक जोडल्या की ८. फिटरने त्या समांतर जोडल्या होत्या आणि अ‍ॅम्पचे मागचे दोन चॅनल ब्रिज करून, म्हणजे एकत्र जुंपून, त्यांवर लावल्या होत्या. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलच्या वाट्याला जोडलेल्या ओमच्या निम्मे येतात. म्हणजे इथे १ ओम. पत्रकात मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं, ब्रिजमध्ये किमान ४ ओम. ओम जितके कमी, तितका करंट जास्त. अ‍ॅम्प बिचारा स्वतःला वाचवत होता आणि आम्ही त्याला सदोष ठरवत होतो.

हे तपासायला मल्टिमीटर पुरतो. पुण्यात तापकीर गल्लीत साधासा मिळतो. सबच्या वायरी अ‍ॅम्पपासून सोडवायच्या आणि मीटर ओमवर ठेवून टोकांना लावायचा. ४ ओमची कॉइल मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. माझ्याकडे आकडा आला १.७. दोन कॉइल समांतर असल्याचा याहून वेगळा पुरावा नको.

आता वॅट. खोक्यावरचा आकडा ‘मॅक्स’चा किंवा ‘पीक’चा असतो आणि जुळवणीसाठी त्याचा उपयोग शून्य. निम्मा केला की खरा आकडा निघतो असंही नाही. माझा १४०० चा सब आत ३५० वॅट आरएमएसचा, म्हणजे सतत पेलता येणाऱ्या पॉवरचा, निघाला. पत्रकात आरएमएस कुठे आहे आणि तो कितव्या ओमवर दिलाय, या दोन गोष्टी एकत्र वाचायच्या. अ‍ॅम्पवर ‘सीटीए-२००६’चा उल्लेख असेल तर उत्तम. त्या पद्धतीत पॉवर १४.४ व्होल्टला, ४ ओमवर, १ टक्क्याच्या आतल्या विकृतीसह मोजलेली असते. माझा अ‍ॅम्प ब्रिजमध्ये ४ ओमवर १८० वॅट देत होता. तेव्हा दोन वाटा होत्या. एक, प्रत्येक कॉइल वेगळ्या ब्रिज जोडीवर लावायची, दोन्हींचा गेन सारखा आणि प्लस-मायनस नीट ठेवून. पैसा न घालता ३६० वॅट मिळतात, पण दारातल्या स्पीकरना चॅनल उरत नाही. दुसरी, सबसाठी वेगळा क्लास-डी मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा अ‍ॅम्प, २ ओमवर ४०० वॅटचा. मी दुसरी धरली. ३५० च्या सबला ४०० चा अ‍ॅम्प चालतो; कानाला तेवढा फरक कळतही नाही. पॉवर दुप्पट केली तरी आवाज वाढतो ३ डेसिबलच.

‘कमी पॉवरने सब जळतो’ असं बरेच फिटर छातीठोकपणे सांगतात. कमी पॉवरने काही होत नाही. जळतो तो क्लिपिंगने. गेन आणि बास बूस्ट शेवटपर्यंत पिळले की लहरींची टोकं कापली जातात, आणि पूर्ण चौकोनी झालेली लहर तितक्याच उंचीच्या गोल लहरीपेक्षा दुप्पट उष्णता कॉइलमध्ये ओतते. दुकानात डेमोला भारी वाजावं म्हणून माझा गेन असाच पिळलेला होता. सबच्या डब्याजवळ नाक नेलं की जळक्या व्हार्निशचा वास यायचा. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. तो स्टिरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांचा मेळ घालतो. लावायची रीत अशी: सबची वायर काढा, बास बूस्ट शून्यावर, स्टिरिओ तीनचतुर्थांश आवाजावर, ५० हर्ट्झचा टोन लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा आणि गेन हळूहळू वाढवा. वॅट गुणिले ओम, त्याचं वर्गमूळ, तितके व्होल्ट आले की स्क्रू-ड्रायव्हर बाजूला. ३५० वॅट आणि २ ओमला साधारण २६ व्होल्ट येतात. लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा.

वायरीबद्दल मात्र मी कोणाशी तडजोड करत नाही. ४०० वॅट द्यायला ८० टक्के कार्यक्षमतेचा अ‍ॅम्प ५०० वॅट ओढतो, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे ३६ अँपिअर. बॉनेटपासून डिकीपर्यंत ही वाट लांबची आहे. स्वस्त किटमधली जाड वायर बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते. टोक खरवडलं की आत पांढरं दिसतं. मी शुद्ध तांब्याची ४ गेज घातली. जुनी काढताना दिसलं की ती पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेटशिवाय ओढलेली, एका बाजूने आवरण घासून चकाकी दिसायला लागलेली, आणि फ्यूज होता थेट मागे अ‍ॅम्पपाशी. ती वायर पत्र्याला टेकली असती तर फ्यूजला पत्ताही लागला नसता. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, कारण तो वायरीच्या रक्षणासाठी असतो. अर्थिंगसाठी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बोल्ट, वायर शक्य तितकी आखूड.

आणि इंजिन बंद ठेवून गाणी फार वेळ वाजवू नका. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी बहुधा ३५ एएचची. ती उतरली की गाडी ढकलायला माणसं लागतात, आणि सोसायटीत ती त्यांच्यातूनच बोलवावी लागतात ज्यांची झोप आपण नुकतीच उडवलेली असते.