विंडोज पुन्हा टाकताना काय राहतं, काय जातं?



संगणक हळू झाला, सतत अडकायला लागला, की दुरुस्तीवाला एकच प्रश्न विचारतो, "सी ड्राइव्ह उडवू का? तुमचं सगळं डी मध्येच असेल ना?" आपण मान डोलावतो. दुसऱ्या दिवशी संगणक सुसाट चालतो, पण डेस्कटॉपवरचं 'निकालपत्रक' नावाचं फोल्डर कुठेच नसतं.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे सध्या अनेक शाळांत आणि घरांत विंडोज बदलण्याचं किंवा पुन्हा टाकण्याचं काम चालू आहे. म्हणून आजच्या पाठात आपण हेच शिकूया, की विंडोज नव्याने टाकताना आपली माहिती आणि आपली सॉफ्टवेअर्स कशी वाचवायची.

आधी समजून घ्या: कोणती वस्तू कुठे असते?

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स ही फोल्डर्स समोर दिसतात, म्हणून ती वेगळी कुठेतरी आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात ती सी ड्राइव्हमध्येच 'युजर्स' या फोल्डरच्या आत असतात. सी उडवला की तीही गेली.

काही माहिती तर नजरेलाही पडत नाही. ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, थंडरबर्डमधले ईमेल, स्टिकी नोट्स हे सगळं 'अ‍ॅपडेटा' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतं.

आणि सॉफ्टवेअर? ते नुसतं कॉपी करून ठेवता येत नाही. 'प्रोग्राम फाइल्स' हे फोल्डर डी ड्राइव्हवर कॉपी करून ठेवलं आणि नव्या विंडोजमध्ये परत आणलं, तरी बहुतेक सॉफ्टवेअर चालू होत नाहीत. कारण त्यांच्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत असतात आणि ती रजिस्ट्री नवीन झालेली असते. म्हणजे फाइल कॉपी करून वाचते, पण सॉफ्टवेअर मात्र योग्य पद्धत निवडली तरच वाचतं.

तीन पद्धती

१) जागेवरच दुरुस्ती. यात फाइल्स, सॉफ्टवेअर, सेटिंग्ज सगळं राहतं आणि फक्त विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स नव्या होतात. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोजची आयएसओ फाइल उतरवायची, ती उघडायची आणि चालू विंडोजमधूनच 'सेटअप' सुरू करायचं. पुढे 'कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स' हा पर्याय दिसतो, तोच निवडायचा. हा पर्याय फिकट दिसत असेल तर तिथेच थांबा. बऱ्याचदा आयएसओची भाषा किंवा आवृत्ती तुमच्या विंडोजशी जुळत नसते.

अद्ययावत विंडोज ११ मध्ये हेच काम आणखी सोपं आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे जाऊन विंडोज अपडेटच्या साहाय्याने दुरुस्ती करण्यासाठी 'रिइन्स्टॉल नाऊ' हे बटण आहे.

२) रिसेट धिस पीसी. यातल्या 'कीप माय फाइल्स' या पर्यायाने अनेकजण फसतात. फाइल्स राहतात हे खरं, पण आपण टाकलेली सॉफ्टवेअर्स निघून जातात. काय काय निघालं याची यादी विंडोज नंतर डेस्कटॉपवर ठेवतं, पण ती हाती येते तेव्हा उशीर झालेला असतो.

३) कोरं इन्स्टॉलेशन. निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून, त्यावरून संगणक सुरू करून सगळं नव्याने टाकायचं. व्हायरसने पोखरलेल्या संगणकासाठी हा मार्ग योग्य आहे, पण यात बॅकअपशिवाय काहीच वाचत नाही असं धरून चाला.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी पहिली पद्धत, जमलं नाही तर दुसरी, आणि अगदीच नाइलाज झाला तर तिसरी.

मराठी माणसाची खास अडचण: फॉन्ट

आमच्याकडे एकदा सगळ्या फाइल्स व्यवस्थित वाचवल्या होत्या. नवीन विंडोजवर जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्या, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! फाइल बिघडली असं समजून एक प्रश्नपत्रिका पुन्हा टाइपसुद्धा करून झाली. बिघडलं काहीच नव्हतं, फक्त फॉन्ट नव्हता.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुरात प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट गेला की अक्षरं मूळ रूपात दिसतात. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुराला ही अडचण येत नाही, कारण देवनागरी दाखवणारा 'निर्मला यूआय' हा फॉन्ट विंडोजसोबतच येतो. म्हणून सी ड्राइव्हच्या 'विंडोज' फोल्डरमधल्या 'फॉन्ट्स' मधून आपले जुने मराठी फॉन्ट आधी कॉपी करून ठेवा.

सुरू करण्यापूर्वीची तयारी

पहिली पद्धत वापरली तरी ही तयारी करायचीच. मध्येच वीज गेली तर काहीही होऊ शकतं.

१. 'युजर्स' मधलं आपल्या नावाचं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. त्यातल्या दोन-चार फाइल्स दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडून पाहिला नाही, तो बॅकअप नव्हे.

२. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड खात्याशी जोडलेले आहेत का ते तपासा.

३. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप त्याच्याच 'बॅकअप' आज्ञेने घ्या.

४. सॉफ्टवेअर्सची यादी करा. त्यांच्या की, खात्यांचे ईमेल, सीडी कुठे आहेत ते वहीत लिहा. हो, वहीतच! संगणकात लिहिलं तर तेही जाईल.

५. प्रिंटर आणि वायफायचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या. नव्या विंडोजमध्ये वायफायच चाललं नाही, तर ड्रायव्हर उतरवणार कशाने?

६. बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. ती नसेल तर डिस्कवरची माहिती डिस्कवरच असूनही वाचता येत नाही.

७. कोरं इन्स्टॉलेशन करताना बॅकअपची डिस्क काढून ठेवा. त्या पडद्यावर सी, डी अशी नावं दिसत नाहीत, नुसते पार्टिशनचे क्रमांक आणि आकार दिसतात. चुकीच्या ओळीवर 'डिलीट' दाबलं की डी ड्राइव्हही गेला. कोणता भाग किती जीबीचा आहे हे आधीच लिहून ठेवा.

विंडोज सुरूच होत नसेल तर?

घाबरू नका आणि घाईने फॉरमॅटही करू नका. उबंटूचा पेनड्राइव्ह बनवून, ते इन्स्टॉल न करता 'ट्राय' पर्यायाने सुरू करा आणि आपल्या फाइल्स बाहेर कॉपी करा. शिवाय फॉरमॅट न करता त्याच भागावर नवं विंडोज टाकलं गेलं असेल, तर सी मध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर मिळतं. जुन्या फाइल्स त्यात सापडतात. अपग्रेडनंतर मात्र विंडोज हे फोल्डर १० दिवसांनी आपोआप काढून टाकतं, म्हणून लगेच बघा.

स्वाध्याय

१. तुमच्या डेस्कटॉपवरच्या एका फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' मध्ये तिचं ठिकाण पाहा. ती कोणत्या ड्राइव्हमध्ये आहे?

२. तुमची सर्वांत जुनी मराठी फाइल उघडा. ती युनिकोडमध्ये आहे की जुन्या फॉन्टमध्ये?

३. आज रात्री संगणक बंद पडला, तर कोणत्या तीन गोष्टी पुन्हा मिळणार नाहीत? त्या आजच कॉपी करा.

पुढच्या वेळी दुरुस्तीवाल्याने "सी उडवू का?" असं विचारलं, तर लगेच मान डोलावू नका. "थांबा, आधी बघते आत काय आहे ते," एवढंच म्हणा.