पडलेल्या मुलाचे गाणे

प्रास्ताविक

मूल बोलू लागण्यापूर्वीच गाणे ऐकू लागते. अंगाई, बडबडगीत आणि चिऊकाऊची गोष्ट ही त्याची पहिली पाठशाळा होय. या गाण्यागोष्टींत आनंदाबरोबर पडणे, लागणे, भिणे आणि फसणेही असते. मुलांच्या कोवळ्या मनाचा विचार करून असे प्रसंग सौम्य करावेत का, या प्रश्नाची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• बालगीतांत बदल करण्यासंबंधीची दोन्ही बाजूंची मते सांगू शकाल;
• भीती आणि अवहेलना यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• वादविषयावर स्वतःचे मत सकारण मांडू शकाल.

मूळ पाठ

एका संध्याकाळी आमचा अडीच वर्षांचा नातू स्वयंपाकघराच्या उंबरठ्याला अडखळून पडला. कपाळाला टेंगूळ आले आणि त्याने रडून घर डोक्यावर घेतले. त्याच्या आजीने त्याला उचलले, उंबरठ्याला दोन चापट्या मारल्या आणि 'बघ, मुंगी मेली' असे म्हणत त्याची समजूत घातली. हळद लावून झाल्यावर हुंदके देतच त्याने गाणे मागितले, तेही 'जॅक अँड जिल'! बालवाडीत शिकलेले हे इंग्रजी गाणे टेकडीवरून कोसळणाऱ्या दोन मुलांचे आहे. त्यातील मुलाच्या तर डोक्यालाच इजा होते. सूनबाईंना त्या घटकेला ते रुचले नाही. त्यांनी दोन्ही मुलांना पाण्याच्या बादलीसह सुखरूप घरी पोहोचवले. नातवाने त्यांना मध्येच थांबवले. "नाही, तो पडला," असे ठामपणे सांगून त्याने स्वतःच्या कपाळाला हात लावला.

सूनबाईंच्या मनातील शंका नवी नाही. १९५२ साली जेफ्री हँडली-टेलर या ब्रिटिश लेखकाने असे मत मांडले, की दोनशे पारंपरिक बालगीतांच्या सर्वसाधारण संग्रहातील सुमारे निम्म्या गीतांत मुलांसाठी अनुचित असा मजकूर असतो. २००४ साली 'आर्काइव्हज ऑफ डिसीज इन चाइल्डहूड' या वैद्यकीय नियतकालिकात एक तुलना प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधील दूरचित्रवाणीवर रात्री नऊपूर्वी दिसणाऱ्या हिंसक प्रसंगांपेक्षा बालगीतांतील अशा प्रसंगांचे ताशी प्रमाण दहापटींहून अधिक असल्याचे तीत आढळले. अर्थात, प्रसंगांची मोजदाद करून मुलांच्या मनावरील परिणाम कळत नाही. २००९ साली बीबीसीच्या एका बालकार्यक्रमात भिंतीवरून पडणाऱ्या 'हम्प्टी डम्प्टी'च्या गाण्याचा शेवट आनंदी करण्यात आला, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली.

आपल्या मराठी परंपरेतही कठोर प्रसंग आहेत. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते आणि चिमणी त्याला दाराबाहेर भिजत ठेवते. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाटेत वाघ गाठतो. पण गोष्टीतून वाघच काढून टाकला, तर म्हातारीला भोपळ्यात बसून परतण्याचे कारण उरत नाही. तिची युक्ती संकटातूनच जन्माला येते.

मांडीवर झुलणाऱ्या मुलाला गाण्याच्या शेवटी अलगद खाली सोडले, की ते खिदळते आणि पुन्हा तोच खेळ मागते. आपण पडत आहोत हे त्याला कळते. आपल्याला धरणारे हात तेथेच आहेत, हेही कळते. गाण्यातील पडणे असेच असते. खऱ्या टेंगळाने मूल गोंधळते. गाण्यात मात्र त्याच दुःखाला ताल आणि शेवट मिळतो. शिवाय आपल्याआधीही कोणी पडले होते, हा दिलासा लाभतो. उलट, उंबरठ्याला मारून आपण काय शिकवतो? लागले की दोष दुसऱ्याचा, एवढेच.

म्हणून काहीच बदलू नये, असे मात्र नाही. कोणाचा रंग, अंगकाठी, तोतरेपणा किंवा जात यांवरून चिडवणारी गाणीही परंपरेच्या नावाखाली चालत आली आहेत. झोपेसाठी बागुलबुवाचा धाक घालणारे बोलही आहेत. अशा वेळी ज्याच्या हातांनी धरायचे, तोच भीती घालत असतो. पडणाऱ्याचे गाणे आणि पाडणाऱ्याचे गाणे यांत फरक आहे. पहिले मुलाला सोबत करते. दुसरे त्याला एकटे पाडते किंवा दुसऱ्याला एकटे पाडायला शिकवते. मौखिक परंपरेत प्रत्येक आजीने आपल्या परीने शब्द बदललेच आहेत. तेव्हा बदलण्याचा अधिकार आपल्यालाही आहे. तो वापरताना दुःख लपवायचे, की अवहेलना थांबवायची, हे आधी ठरवले पाहिजे.

सूनबाईंनी त्या रात्री गाणे मूळ शेवटासह म्हटले. दुसऱ्या दिवशी नातवाने आपल्या बाहुल्याला त्याच उंबरठ्यावरून पाडले, उचलले आणि त्याच्या कपाळाला हळद लावली. उंबरठ्याला मात्र त्याने मारले नाही.

शब्दार्थ

टेंगूळ – मार लागल्याने येणारा उंचवटा
अवहेलना – अपमान, तुच्छ लेखणे
मौखिक – तोंडी चालत आलेले
बागुलबुवा – मुलांना भीती घालण्यासाठी कल्पिलेली आकृती

स्वाध्याय

१. नातवाने सूनबाईंना गाताना का थांबवले असावे?
२. 'पडणाऱ्याचे गाणे आणि पाडणाऱ्याचे गाणे यांत फरक आहे', या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. उंबरठ्याला मारण्याच्या प्रथेविषयी लेखकाचे मत तुम्हाला पटते का? सकारण लिहा.
४. तुमच्या घरी किंवा परिसरात ऐकलेले एखादे बालगीत आठवा. त्यात बदल करावा असे तुम्हाला वाटते का? आठ-दहा ओळींत लिहा.