यंत्रानें स्वर्ग धुंडाळिला काय?

खेड्यापाड्यांतील उपदेशकांस अलीकडे एक प्रश्न वरचेवर विचारण्यांत येतो. चावडीवर बसलेला एखादा शिकलेला तरुण म्हणतो कीं, अमेरिकेंतील लोकांनीं आकाशांत यंत्र सोडिलें, तें सूर्यमालेच्याही पलीकडे गेलें, परंतु तुमचा स्वर्ग त्यास कोठें दिसला नाहीं. मग तुमचा आकाशांतील बाप राहतो तरी कोठें? उपदेशकास ह्या विषयाची माहिती नसली म्हणजे तो गोंधळून जातो. उलटपक्षीं आपल्याच लोकांत मोबाइलवरून अशीही गोष्ट फिरते कीं, आकाशांत गेलेल्या यंत्रानें देवदूतांचें गायन ऐकिलें. ह्या दोन्ही म्हणण्यांचा विचार करण्यापूर्वीं तें यंत्र काय आहे, कोठवर गेलें आहे व त्यानें काय पाहिलें, हें समजून घेणें अवश्य आहे.

यंत्र एक नसून दोन आहेत, व दोहोंचें नांव व्हॉयेजर, म्हणजे प्रवासी, असें आहे. व्हॉयेजर 2 हें 20 ऑगस्ट 1977 रोजीं व व्हॉयेजर 1 हें 5 सप्टेंबर 1977 रोजीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांतून सोडण्यांत आलें. ज्याचा क्रमांक पहिला तें मागाहून सुटलें, कारण त्याची वाट जवळची होती व त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानें दुसऱ्यास मागें टाकिलें. ह्यांत माणूस कोणी नाहीं. प्रत्येकाचें वजन सुमारें 800 किलो आहे, व पृथ्वीशीं बोलण्याकरितां त्यावर 3.7 मीटर रुंदीचें एक परातीसारखें भांडें बसविलेलें आहे. तीं 1977 सालींच कां सोडिलीं, ह्यास कारण आहे. गुरु, शनि, प्रजापति म्हणजे युरेनस, व वरुण म्हणजे नेपच्यून, हे चार ग्रह एकाच फेरींत गांठतां येतील अशा रीतीनें सुमारें 175 वर्षांतून एकदांच येतात. गॅरी फ्लॅन्ड्रो नांवाच्या गणित्यानें 1965 सालीं हें हेरिलें. गोफणींतील दगडास जसा फिरविणाऱ्या हाताचा वेग मिळतो, तसा ग्रहाजवळून जातांना यानास त्या ग्रहाचा वेग मिळतो व तें पुढच्या ग्रहाकडे फेंकलें जातें. इतका लांबचा पल्ला केवळ इंधनावर गांठतां आला नसता.

मार्च 1979 मध्यें व्हॉयेजर 1 गुरूपाशीं पोंचलें. त्याच्या आयो नांवाच्या चंद्राचें एक चित्र मार्ग ठरविण्याकरितां घेतलेलें होतें. तें तपासतांना लिंडा मोराबिटो ह्या बाईंस चंद्राच्या कडेवर धुराच्या छत्रीसारखें कांहीं दिसलें. तो ज्वालामुखी होता. पृथ्वीवांचून इतरत्र जागृत ज्वालामुखी असल्याचें मनुष्यास तेव्हां प्रथम कळलें. शनीची भेट 1980 व 1981 सालीं झाली. प्रजापतीस 1986 सालीं व वरुणास 25 ऑगस्ट 1989 रोजीं एकटें व्हॉयेजर 2 भेटलें. त्या दोन ग्रहांजवळून गेलेलें दुसरें यान अद्यापि नाहीं. वरुणाचा ट्रायटन नांवाचा चंद्र शून्याखालीं सुमारें 235 अंश इतका थंड आहे, तरी त्याच्याही पोटांतून कारंजीं उसळतांना दिसलीं.

आतां अंतराची गोष्ट. कोट्यवधि किलोमीटरांचे आंकडे वाचून मनांत कांहींच उभें राहत नाहीं, म्हणून उपदेशकांनीं शाळेच्या अंगणांत एक खुंटी ठोकून तीस सूर्य म्हणावें. तेथून एका हातावर पृथ्वी, म्हणजे एक हात बरोबर 15 कोटी किलोमीटर. ह्या मापानें वरुण 30 हातांवर येतो. अठ्ठेचाळीस वर्षें अखंड धांवून 2025 सालच्या अखेरीस व्हॉयेजर 1 खुंटीपासून सुमारें 170 हातांवर होतें. मुलांकडून दोरी धरवून हें अंतर खरोखर मोजवावें. बहुतेक गांवांत ती दोरी वेशीपर्यंतही पुरणार नाहीं. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा कोठें? ह्याच मापानें तो सुमारें 120 किलोमीटरांवर येतो, म्हणजे पुण्याहून पूर्वीच्या अहमदनगरास, आतांच्या अहिल्यानगरास, जावयाचें तितका दूर. जें यंत्र 170 हात चाललें त्यानें आकाश पालथें घातलें, असें कोण म्हणेल?

तें इतक्या दुरून बोलतें कसें, हें सांगण्यासारखें आहे. त्याच्या संदेशाचा जोर सुमारें 23 वॉटचा, म्हणजे घरांतील लहानशा दिव्याएवढा. तो पृथ्वीवर येईपर्यंत इतका क्षीण होतो कीं, तो टिपण्याकरितां 70 मीटर रुंदीचीं भांडीं आकाशाकडे रोखून ठेवावीं लागतात. अशीं ठाणीं कॅलिफोर्निया, स्पेन व ऑस्ट्रेलिया ह्या तीन ठिकाणीं आहेत, कारण पृथ्वी फिरत असल्यामुळें एकाच ठिकाणाहून यान सर्वकाळ दिसत नाहीं. नोव्हेंबर 2023 मध्यें व्हॉयेजर 1 निरर्थक बडबड करूं लागलें. आंकडे येत, परंतु अर्थ लागेना. कॅलिफोर्नियांतील कामगारांनीं जुने कागद चाळून कित्येक महिन्यांनीं शोधून काढिलें कीं, त्याच्या स्मरणयंत्राचा एक लहानसा तुकडा निकामी झाला आहे. तो बदलावयास तेथें कोण जाणार? त्यांनीं त्या तुकड्यांत लिहिलेल्या आज्ञा कापून थोड्याथोड्या इतर रिकाम्या जागीं बसविण्याचें ठरविलें, व 18 एप्रिल 2024 रोजीं तसा हुकूम धाडिला. हुकूम जाण्यास साडेबावीस तास, उत्तर येण्यास तितकेच. दोन दिवसांनीं, 20 तारखेस, यान पुन्हां शुद्धीवर आल्याचें कळलें. ज्यांस एका पत्राचें उत्तर सायंकाळपर्यंत न आल्यास झोंप येत नाहीं, अशांनीं ही गोष्ट अवश्य ऐकावी.

आतां "सूर्यमालेच्या पलीकडे" ह्या शब्दांविषयीं. सूर्यापासून विद्युत्कणांचा एक वारा सर्व बाजूंनीं वाहत असतो. तो जेथें संपतो व ताऱ्यांमधील विरळ वायूचा प्रदेश लागतो, ती शीव व्हॉयेजर 1 नें 25 ऑगस्ट 2012 रोजीं व व्हॉयेजर 2 नें 5 नोव्हेंबर 2018 रोजीं ओलांडिली. तरी सूर्याचें आकर्षण तेथें संपत नाहीं. त्याच्या ओढीनें फिरणाऱ्या बर्फाळ गोळ्यांचा जो दूरचा मेघ सांगतात, त्याच्या आंतल्या कडेस पोंचण्यासच व्हॉयेजर 1 ला आणखी सुमारें 300 वर्षें लागतील. ही शीव ओलांडल्याची खात्री कशी पटली, ह्यांतच त्या गायनाचें मूळ आहे. सूर्यावर झालेल्या एका स्फोटाची लाट 2013 सालीं तेथें पोंचली व भोंवतालचे विद्युत्कण थरथरूं लागले. थरथरण्याच्या वेगावरून वायु किती दाट आहे हें काढतां येतें, व तो पूर्वींच्यापेक्षां सुमारें 40 पट दाट भरला. त्या थरथरीचे आंकडे शास्त्रज्ञांनीं लोकांस समजावें म्हणून आवाजांत उतरविले. तो चढत जाणाऱ्या शिट्टीसारखा ऐकूं येतो. हें खरोखर नवल आहे, परंतु तें देवदूतांचें गायन नव्हे. जो उपदेशक तसें सांगेल, त्याची लबाडी एखादा शाळकरी मुलगाही उघडी करील, आणि मग पुनरुत्थानाविषयींची त्याची साक्ष कोण मानील?

चावडीवरील तरुणास मात्र आम्ही असें सांगूं. व्हॉयेजर 1 चे कॅमेरे 14 फेब्रुवारी 1990 रोजीं शेवटचीं चित्रें घेऊन बंद करण्यांत आले. त्या दिवशीं त्यानें मागें वळून सुमारें 600 कोटी किलोमीटरांवरून पृथ्वीचेंही चित्र घेतलें. त्यांत ती एका ठिपक्याहूनही लहान आहे, व आठव्या स्तोत्रांत मनुष्याविषयीं जो प्रश्न विचारिला आहे तो तेथें फार जवळचा वाटतो. तेव्हां बावीस वर्षांनीं शीव ओलांडितांना यानास डोळे नव्हतेच. परंतु ह्या उत्तरावर आम्ही विसंबत नाहीं. डोळे असते तरी काय झालें असतें? पायलीनें ताप मोजतां येत नाहीं, व कणांचा आणि चुंबकत्वाचा हिशेब ठेवणाऱ्या साधनांनीं देवाचें निवासस्थान मोजतां येत नाहीं. शलमोनानें मंदिराच्या प्रतिष्ठेच्या वेळीं केलेली प्रार्थना (1 राजे, अध्याय 8) उपदेशकांनीं पुन्हां वाचावी. सर्वांत उंच आकाशांतही देव मावत नाहीं, हें त्या राजास दुर्बिणीवांचून ठाऊक होतें. स्वर्ग अमुक कोटी किलोमीटरांवर आहे असें आपण शिकवीत असतों, तर त्या तरुणाचा प्रश्न रास्त ठरला असता. कित्येक उपदेशकांस प्रवचनांत बोट वर करून स्वर्ग दाखविण्याची संवय आहे, ती सुटली तर बरें होईल.

एक गोष्ट मराठी वाचकांस विशेष वाटेल. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. तींत 55 भाषांतून नमस्कार सांगितलेले आहेत व त्यांत मराठी आहे. गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या केसरबाई केरकर ह्यांचें भैरवी रागांतील गायनही तींत आहे. व्हॉयेजर 1 सुटल्यावर अकरा दिवसांनीं, 16 सप्टेंबर 1977 रोजीं, त्या बाई वारल्या. यानांची वीज दरवर्षीं सुमारें 4 वॉट कमी होत असल्यामुळें त्यांवरील साधनें एकामागून एक बंद करावीं लागत आहेत. सर्व बंद पडल्यावरही तबकड्या पुढें जात राहतील, व सुमारें 40,000 वर्षांनीं व्हॉयेजर 1 एका मंद ताऱ्यापासून 1.6 प्रकाशवर्षें अंतरावरून जाईल.